पौडच्या पुढची शाळा : क्लोनची थरारकथा पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

निवासी शाळेतल्या एका मुलीला कळतं की आपण क्लोन, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी पेशीपासून बनवलेली प्रत, आहोत. कुमारांसाठी विज्ञान थरारकथा लिहायची म्हटली की ही कल्पना पुष्कळांना सुचते, आणि पुष्कळांची गोष्ट तिसऱ्या प्रकरणात अडते. पहिल्या प्रकरणात हुबेहूब दिसणाऱ्या दोन मुली समोरासमोर आणलेल्या असतात. दुसऱ्यात तळघर सापडतं, तिथे हिरव्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळकांड्या. आता वाचकाला सगळं कळलेलं असतं आणि लेखकाच्या हातात पळापळीखेरीज काही उरलेलं नसतं.

मुलांच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे ही नळकांडी माझ्या चांगल्याच ओळखीची झाली आहेत. पुण्याच्या आसपासची, मराठी मुलांची अशी गोष्ट पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकच: दोघी सारख्या दिसतात हे आमिष म्हणून ठीक, पण गोष्ट पुढे सरकते ती त्यांच्यातल्या फरकांवर. सगळ्या पायऱ्या त्याच दिशेने जातात.

पहिली पायरी : आधी वर्षं मांडा

क्लोन पंधरा वर्षांचा होऊन बाहेर पडत नाही. शरीरातल्या एका साध्या पेशीचं केंद्रक घ्यायचं, स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात ते बसवायचं, विजेचा हलका झटका देऊन विभाजन सुरू करायचं आणि तयार झालेला गर्भ एखाद्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. पुढचं सगळं नेहमीसारखंच. माणसाच्या बाबतीत नऊ महिने, मग रडणारं तान्हं बाळ, लंगोट, लसी, बालवाडी. म्हणजे तुमच्या नायिकेचं बालपण कुणाच्या तरी घरात गेलेलं असणार. ते घर कोणाचं, याचं उत्तर नसेल तर गोष्ट लिहायला घेऊ नका.

एडिनबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ रोजी डॉली मेंढी जन्मली. त्यासाठी २७७ बीजांडांवर ही खटपट करावी लागली, त्यातून गर्भाशयात ठेवण्याजोगे २९ गर्भ मिळाले आणि कोकरू जन्मलं एक. हे आकडे तुमच्या खलनायकाच्या वहीत कुठेतरी दिसले पाहिजेत. तीन मुली जगल्या असतील तर न जगलेल्यांचं काय झालं? इतकी बीजांडं कोणाची होती? ते गर्भ वाढवणाऱ्या बायका आज कुठे आहेत? तळघरातल्या काचसामानापेक्षा या प्रश्नांत कितीतरी जास्त गोष्ट आहे.

माणसाचा क्लोन जन्मल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. माकडांचे क्लोन शांघायमधल्या शास्त्रज्ञांनी केल्याचं २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालं. त्यातली जगलेली दोन पिल्लं गर्भाच्या पेशींपासूनची होती. प्रौढ माकडाच्या पेशींपासून झालेली पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावली. विज्ञानकथेत एक थाप माफ असते. तुमची थाप ही, की कुणीतरी गुपचूप हे दहा वर्षं आधी आणि माणसात साधलं. ती एकदाच मारायची, ठासून मारायची, आणि बाकी सगळं खरं ठेवायचं. दुसरी थाप मारलीत (क्लोनना एकमेकींच्या मनातलं ऐकू येतं, मूळ व्यक्तीच्या आठवणी येतात वगैरे) की दहावीतलं पोरगंही पुस्तक मिटतं. त्याच्या शाळेच्या पुस्तकात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ नावाचा धडाच आहे.

आता तारखा. समजा, गोष्ट २०२६ च्या पावसाळ्यात घडते. मोठी मुलगी १७ वर्षांची, मधली १५, धाकटी १३. म्हणजे जन्म २००९, २०११ आणि २०१३ चे. ही वर्षं लेखकाच्या पथ्यावर पडतात. सरोगसीचा कायदा आला २०२१ मध्ये. त्याआधी पैसे देऊन दुसरीच्या पोटात मूल वाढवण्याचा व्यवसाय देशात उघडपणे चालत असे. २००९ मध्येच कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने गरिमा नावाची म्हशीची क्लोन पारडी जन्माला घातली, आणि तीही महागड्या सूक्ष्म यंत्रांवर फारसं विसंबून न राहता, हाताने करायच्या पद्धतीने. तेव्हा गुरांच्या गर्भावर हात बसलेला एखादा पशुवैद्य त्या काळात भलत्या मोहात पडला, हे कुणालाही पटेल. हा माणूस मात्र संपूर्ण काल्पनिक ठेवा, खऱ्या संस्थेचा नोकर दाखवू नका. मानवी क्लोन जन्माला घालायला आपल्याकडे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांची स्पष्ट मनाई आहे, म्हणजे त्याने लपूनछपून वागणंही आपोआप आलं.

दुसरी पायरी : जुळ्या करू नका, शिडी करा

वर मी तीन वेगळी वयं घेतली ती मुद्दाम. एकाच वर्गात दोन सारख्या मुली आल्या तर पहिल्याच दिवशी सगळी शाळा ‘जुळ्या का गं?’ म्हणून विचारणार. रहस्य प्रार्थनेच्या रांगेतच फुटलं. तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांच्या तीन मुलींत थोडं साम्य दिसलं तर कुणी ढुंकून पाहत नाही. फार तर एखादी मावशी म्हणेल, “तुमच्या दोघींचं नाक एकाच साच्यातलं हाय.”

शंका यायला जुना फोटो लागतो. पंधरा वर्षांच्या सईला घरून आलेल्या पाकिटात आपला सातवीतला फोटो मिळतो, आणि तिला दिसतं की तो चेहरा आत्ता मेसमध्ये समोरच्या बाकावर बसून उपमा खातोय. धाकटी म्हणजे तिचा भूतकाळ. उरली मोठी मृणाल. तिला दोन वर्षांपूर्वी चष्मा लागला, सईला या वर्षी लागला. मोठीला गेल्या दिवाळीपासून डोळ्यांचा काहीतरी त्रास सुरू झालाय, नजर मधोमध धूसर होते. ती कुणाला सांगत नाही, पण फळ्यावरचं वाचताना मान वाकडी करते. सईने ते हेरलंय.

तुमच्या थरारकथेचं घड्याळ हेच. बाँब नको, पाठलाग नको. दोन वर्षांनी आपलं काय होणार हे एका मुलीला दुसरीच्या डोळ्यांत दिसतंय. या घड्याळाची किल्ली पुढच्या पायरीत आहे.

तिसरी पायरी : फरकांची वही

एक जुनी वही घ्या आणि तिन्ही मुलींत काय सारखं, काय वेगळं, हे दोन बाजूंना लिहून काढा. या वहीवर निदान आठवडा घालवा. पुढची सगळी प्रकरणं यातून निघतात.

सारखं काय राहील ते आधी. रक्तगट सारखा. नेहमीच्या डीएनए चाचणीत तिघी एकच व्यक्ती वाटतील. ठेवण, हाडं, आवाजाची जात खूप जवळची.

वेगळं काय? बोटांचे ठसे वेगळे. ते गर्भात असताना घडतात आणि एकाच गर्भातल्या एकसारख्या जुळ्यांचेही जुळत नाहीत. डोळ्यांच्या बुबुळांची नक्षीही वेगळी. यावरून आपल्या इथला एक खास प्रसंग मिळतो. लहान मुलांच्या आधार कार्डाला ठसे नसतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. त्यासाठी शाळेतच शिबिर भरतं. चौकीदाराच्या खोलीत लॅपटॉप, ठशांचं यंत्र, बाहेर रांग. यंत्र सईला बिनतक्रार मान्य करतं, कारण तिचे ठसे दुसऱ्या कुणाशीच जुळत नाहीत. शंका घेतो तो समोरचा कंटाळलेला ऑपरेटर. मागच्या वर्षी याच शाळेत आलो होतो, असं म्हणत तो पडद्यावरून मान वर करतो: “तुझं झालंय ना गं?” वाचकाच्या अंगावर काटा यायला एवढा एक प्रश्न पुरे.

मुलींचे क्लोन घेतले तर आणखी एक पत्ता हाती येतो, म्हणून मी तरी मुलीच घेईन. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक गप्प बसतं. कोणत्या पेशीत कोणतं गप्प बसेल हे गर्भाच्या सुरुवातीला ठरतं, आणि ते क्लोनमध्ये मुळाबरहुकूम होत नाही. टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात पहिली क्लोन मांजर जन्मली. मूळ मांजर तीनरंगी होती. पिलाच्या अंगावर नारिंगी ठिपका औषधालाही नव्हता. माणसांतही एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला लाल-हिरवा रंगांधपणा आणि दुसरीला नाही, अशी उदाहरणं नोंदलेली आहेत. मग धाकटी ओवी रांगोळीच्या स्पर्धेत पानं विटकरी भरते आणि सगळ्या हसतात, हा प्रसंग वरवर विनोदी. खलनायकाच्या वहीत मात्र त्याच दिवशी तिच्या नावापुढे ‘नमुना सदोष’ असं लिहिलं जातं. मुलांच्या कथेत क्रौर्य असं दाखवावं, रक्त न सांडता.

आता ती किल्ली. क्लोन करताना केंद्रक मूळ व्यक्तीचं असतं, पण पेशीची वीजघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, येतात बीजांडातून. त्यांचा स्वतःचा थोडा डीएनए असतो. बीजांड देणाऱ्या बायका वेगळ्या असतील तर त्या बाबतीत क्लोन एकमेकींहून वेगळे. डोळ्यांच्या नसेचा एक आजार असा आहे की तो याच मायटोकॉन्ड्रियातल्या दोषाने होतो. ऐन तारुण्यात मधली नजर जाते. मोठीला तो असेल तर तिच्या बीजांडाच्या आईकडून आलेला. सईचं बीजांड दुसऱ्याच बाईचं, तर सई सुटली. त्याच बाईचं, तर टांगती तलवार कायम. म्हणून सईला त्या बायकांचा शोध घ्यावाच लागतो, आणि गोष्ट शाळेच्या भिंतीबाहेर पडते. मधल्या भागात दम टिकवायला अशी गाठ लागते. शिवाय गोष्टीत आणखी आया येतात, ज्यांचा विचार खलनायकाने कधीच केलेला नाही. बरेच लेखकही करत नाहीत.

जाता जाता एक बारकं साधन. जीभ गोल वळवता येणं हा आनुवंशिक गुण, असं शाळेत सर्रास सांगतात. प्रत्यक्षात एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, असं आढळतं. जीवशास्त्राच्या तासाला बाई सगळ्यांना जीभ वळवायला लावतात, सईला येते, ओवीला येत नाही, आणि सईची शंका चुकीच्या कारणाने मिटते. वाचकालाही दोन प्रकरणं शांत झोप लागू द्या.

चौथी पायरी : त्याला हवंय तरी काय?

अवयवांसाठी क्लोन पाळलेत, हे कारण आता इतकं घासलं गेलंय की चौथ्या पानावर ओळखू येतं. सैन्यासाठी क्लोन हेही तसंच. खडकवासल्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असताना कुणी मुळशीच्या जंगलात सैनिक का वाढवेल?

पुण्यात शोभेल असं कारण शोधा. मला सुचतं ते असं: कुणीतरी एका अफाट बुद्धीच्या बाईच्या पेशी जपून ठेवल्या. मूल होत नसलेल्या जोडप्यांना ‘दात्याचा गर्भ’ म्हणून ते गर्भ विकले. जोडपी मुद्दाम वेगवेगळी निवडली: लातूरला शिक्षक दांपत्य, कोल्हापूरला भेळेचं दुकान चालवणारी बाई आणि तिचा नवरा, नागपूरला रेल्वेतलं कुटुंब. मुली मोठ्या झाल्यावर एकेकीला ‘संपूर्ण शिष्यवृत्ती’ देऊन एकाच निवासी शाळेत आणलं. आता तिथे तुलना चालू आहे: एकच बी, तीन माती, कोणतं पीक चांगलं. पहिला नंबर आणण्याच्या नादात अख्खं शहर क्लासच्या पायऱ्या झिजवतं, तिथे असा प्रयोग करणारा आणि त्यात पैसे घालणारा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

या कारणाचा मोठा फायदा असा की आईबाप निर्दोष राहतात. त्यांनी मूल मागितलं, मिळालं, जीव लावला. इथे एक सांभाळा. तुमच्या वाचकांत दत्तक आलेली मुलं असतील, दात्याच्या मदतीने जन्मलेली असतील. ‘हे तिचे खरे आईबाबा नाहीतच’ असं वाक्य गोष्टीत येणार असेल तर ते खलनायकाच्या तोंडी घाला, आणि सईच्या बाबांना त्याचं उत्तर कृतीने देऊ द्या. ते रात्रीची एसटी पकडून, भिजत, सकाळी गेटवर हजर. तेवढं पुरे.

पाचवी पायरी : शाळा उभी करा

निवासी शाळा म्हटलं की सगळे पाचगणी गाठतात. पाचगणी चांगलंच आहे, पण तिथे पर्यटक आहेत, बाजार आहे, पोलीस चौकी हाकेवर आहे. मी शाळा पौडच्या पुढे, मुळशीच्या अंगाला ठेवीन. चांदणी चौक सुटला की पिरंगुट, पौड, मग धरणाचं पाणी आणि पुढे ताम्हिणी. पावसाळ्यात तिथे आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, दरडी येतात, वीज जाते, फोनची रेंज एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच येते. बंद दाराआडच्या गोष्टीला लागणारं सगळं निसर्गच पुरवतो. शिवाय त्या पाण्याखाली बुडालेली गावं आहेत. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी त्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह केला. उठलेल्या गावातल्या घराण्यातला एखादा म्हातारा माळी शाळेत असू द्या. कागदावरून पुसली गेलेली माणसं म्हणजे काय, हे त्याला शिकवावं लागत नाही. शाळेचं नाव, गाव, सगळं बनवलेलं असू द्या. खऱ्या शाळेकडे बोट जाईल असं काही नको.

नकाशा काढा. मुलींचं वसतिगृह, मेस, सिक रूम, रेक्टरचं घर, मागचं गेट. कुठून कुठे जायला किती मिनिटं लागतात ते लिहा. पळण्याचा प्रसंग आला की याचा उपयोग कळतो.

मग दिनक्रम. पहाटे साडेपाचची घंटा, पी.टी., आंघोळीची रांग, नाश्ता, प्रार्थना, शाळा, खेळ, स्टडी अवर, रात्रीची हजेरी, दहाला दिवे बंद. वसतिगृहात न राहिलेला लेखक इथे लगेच उघडा पडतो, कारण त्याच्या मुली रात्री अकराला गच्चीवर गप्पा मारतात आणि कुणाला काही कळत नाही. राहिलेल्या कुणाला तरी गाठा आणि विचारा: कपडे कुठे वाळायचे? (जुलैत वाळत नाहीत. इस्त्री फिरवून ओलेच मोजे घालतात.) खाऊ कुठे लपवायचा? आउटपासवर कुणाची सही लागायची? आजारी असल्याचं सोंग किती दिवस चालायचं? थरारकथेतल्या सगळ्या चोरवाटा अशा उत्तरांतून मिळतात.

आणि कागद. हे मी नव्या लेखकांना फार आग्रहाने सांगते. तळघरातल्या संगणकाचा पासवर्ड फोडण्यापेक्षा शाळेच्या ऑफिसातलं जनरल रजिस्टर उघडणं जास्त थरारक आहे, कारण ते वाचकाच्या शाळेतही आहे. लांब, जाड पुठ्ठ्याचं, कडेने फाटलेलं. त्यात प्रत्येक मुलाचा नोंदणी क्रमांक, आईचं नाव, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. सई क्लार्कमामांना चहा नेऊन देते तेव्हा तिला तीन वेगळ्या वर्षांच्या पानांवर तीन नोंदी दिसतात. गावं तीन, आडनावं तीन, पण जन्मठिकाणाच्या रकान्यात एकाच नर्सिंग होमचं नाव. रजिस्टर बंद करताना मामा म्हणतात, “काय बघतीस? जा, घंटा झाली.” त्यांना माहीत आहे की नाही, हे तुम्हीही लगेच ठरवू नका.

सहावी पायरी : उलगड्याचा क्रम

शंका, पुरावा, खोटा दिलासा, मोठा पुरावा, धोका. हा क्रम ढोबळ. एका प्रकरणात एकच नवी गोष्ट कळू द्या, आणि ती कुणी बोलून सांगण्याऐवजी एखाद्या वस्तूतून कळू द्या. नमुन्यादाखल हा प्रसंग बघा.

रविवारी चार ते पाच फोनचा तास. रेक्टर मॅडमच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात सगळ्यांचे फोन, प्रत्येकावर नावाची पट्टी. दमट हवेने पट्ट्या सुटल्या होत्या. सईने काळा फोन उचलून चेहऱ्यासमोर धरला. कुलूप उघडलं. पण पडद्यावर बाबांचा फोटो नव्हता. रंकाळ्याच्या काठावर कुणी अनोळखी बाई भेळेची पुडी धरून हसत होती.

“ए, तो माझा हाय,” मागून बारावीतली मृणालताई म्हणाली. “उघडलास कसा?”

“नुसता धरला गं ताई.”

मृणालताईने फोन काढून घेतला. सईकडे न बघता ती टेबलाशी गेली. “मावशी, पट्ट्या नीट चिकटवा की. कुणाचा बी फोन कुणाच्या बी हातात जातोय.”

चेहऱ्याचं कुलूप जुळ्यांना आणि खूप सारख्या भावंडांना फसू शकतं, हे फोन बनवणारेही मान्य करतात, म्हणजे विज्ञान ठीक. बोटाचं कुलूप असतं तर प्रसंगच घडला नसता. पण लक्ष द्या ते मृणालच्या वागण्याकडे. ती सईकडे बघत नाही. तिला आधीपासून माहीत आहे. हे वाक्य मी प्रसंगात कुठेही लिहिलेलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. तीन प्रकरणांनी वाचक मागे येऊन हा परिच्छेद पुन्हा वाचेल.

शेवटाकडे मोठी माणसं लागतात. मुलांनी प्रयोगशाळा पेटवून दिली आणि सुटली, हा शेवट आळशी आहे, पुरावाही जळतो. खऱ्या जगात संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, बालकल्याण समिती आहे. त्या दगडावर उभं राहून, एका कांडीची रेंज धरून, १०९८ लावणारी तेरा वर्षांची ओवी मला कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त आवडेल. फोन लागल्यावर ती काय सांगणार? ‘आम्ही तिघी एकच आहोत’ म्हटलं तर पलीकडचा माणूस काय समजेल? हा संवाद लिहून बघा. अवघड आहे.

सातवी पायरी : एक गळा, तीन बोली

इथे मराठीत लिहिणाऱ्याला जे मिळतं ते फार थोड्या भाषांत मिळत असेल. तिघींचा आवाज एक. पण मृणाल कोल्हापुरात वाढली, म्हणून ती ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणते. सई लातूरची, ती ‘काय करायलीस?’ विचारते. ओवी नागपूरची: ‘काय करून राहिली?’ अंधारात, दिवे गेल्यावर, वाचकाला कोण बोलतंय हे नाव न सांगता कळतं. आणि ‘माणूस बीजाने घडतो की घराने’ हा सगळा वाद निवेदकाने एक शब्दही न बोलता पानावर उभा राहतो.

याचा कथानकाला थेट उपयोग करा. सईला सिक रूममध्ये कोंडलंय. रविवारचा फोन यायची वेळ झाली. रेक्टर मृणालला सईच्या जागी बसवते: बोल, सगळं ठीक आहे म्हण. बाबांना आवाजात काहीच वावगं वाटत नाही. अभ्यास झाला का, झाला. जेवलीस का?

“जेवलो, बाबा.”

बाबा क्षणभर गप्प होतात, मग सहज बोलल्यासारखं करून फोन ठेवतात. रात्रीची एसटी ती हीच. मृणाल चुकून बोलली की मुद्दाम, हे तिलाच ठाऊक असू द्या.

बोली वापरताना तिची चेष्टा होऊ देऊ नका. सदाशिव पेठी मुलगी शुद्ध बोलते आणि बाकीच्या गमतीदार, असं चित्र झालं की ग्रामीण वाचक तिथेच दुरावतो. ज्या गावची बोली, तिथल्या कुणाकडून तरी संवाद मोठ्याने वाचून घ्या. मुलांचं इंग्रजी जसं कानावर पडतं तसंच येऊ द्या: टेन्शन, सिरियसली, क्रिंज. ‘भ्रमणध्वनी’ म्हणणारी पंधरा वर्षांची मुलगी क्लोनपेक्षा जास्त अविश्वसनीय वाटते.

आठवी पायरी : लिहून झाल्यावर

पहिल्याच फटक्यात कादंबरी नको. फोनच्या डब्याचा किंवा रजिस्टरचा प्रसंग केंद्रात धरून तीन-साडेतीन हजार शब्दांची कथा लिहा. ती एखाद्या आठवी-नववीतल्या मुलाला वाचून दाखवा आणि तो कुठे चुळबुळ करतो तिथे खूण करा. ‘छान आहे’ म्हणाला तर त्याला पुढे काय होईल ते विचारा. बरोबर सांगितलं तर मधला भाग पुन्हा लिहा. पेशींचं विज्ञान जीवशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला तरी दाखवा. पुण्यात अशी माणसं ढीगभर आहेत: विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञानाची संशोधन संस्था आहे, आणि विज्ञान दिनाच्या आसपास अशा संस्थांची दारं शाळकरी मुलांसाठीही उघडतात. नेमका प्रश्न लिहून नेलात तर शास्त्रज्ञ आनंदाने उत्तर देतात. ‘क्लोनबद्दल सांगा’ म्हणालात तर तासभर डॉलीच ऐकावी लागेल.

पाठवायचं कुठे? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. मराठी विज्ञान परिषद विज्ञान रंजन कथा स्पर्धा घेते. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी आपली कथा तिथे नाव बदलून पाठवली होती आणि ती पहिली आली. मुलांचे दिवाळी अंक आहेतच, पण त्यांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासून सुरू होते. गणपतीत कथा धाडून दिवाळीत छापून यावी अशी अपेक्षा करू नका. युनिकोडमध्ये टंकलेली फाइल, पानांना क्रमांक, पहिल्या पानावर शब्दसंख्या आणि तुमचा फोन नंबर. सोबत कथेचा सारांश नको, विशेषतः शेवट सांगणारा. मृणालला आधीपासून माहीत होतं हे संपादकालाही कथेतच कळू द्या.